नव्वद-दहाचा डबा

१

गहिनीनाथ मिस्त्री साडेतीन भाकरी खायचा. तीन नाही, चार नाही. चौथीची अर्धी का ठेवतोस म्हणून विचारलं की सांगायचा, "इंजिनाला आनी मानसाला मोजून द्यावं, बाई. भरून दिलं की बिघडतं." त्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास राहीबाई त्याच्या साडेतीन भाकऱ्या फडक्यात बांधून गॅरेजच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा मिस्त्रीला भाकरी खायला तोंड उरलं नव्हतं.

डोक्याची उजवी बाजू आत गेली होती, भरलं मडकं दगडावर आपटावं तशी. जबडा निखळून एका अंगाला लोंबत होता. एक डोळा उघडा होता आणि सरळ सूर्याकडे बघत होता. छातीवरचा सदरा करपून तपकिरी झाला होता आणि खालची कातडी फोडांनी वर आली होती.

त्याच्या अंगावर एक माणूस ओलं पोतं हाणत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मेलेल्यालाही हा सोडत नाही. तो माणूस राहीबाईचा धाकटा भाऊ छगन होता.

"आक्का, जवळ येऊ नको," तो ओरडला. "अजून पेटलंय."

राहीबाईनं पाहिलं. काहीच पेटलं नव्हतं. कोवळं ऊन, उन्हात तापायला बाहेर काढून घोडीवर ठेवलेलं गाडीचं इंजिन, मागे चुन्यानं रंगवलेली भिंत, धुतल्या धोतरासारखी पांढरी. इंधनाचा लष्करी डबा बाजूला सरळ उभा, झाकण घट्ट लावलेला. आणि छगनचे दोन्ही हात कोपरापासून खाली सोललेले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी लोंबत होती.

त्याच्या पायाशी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल पडलं होतं. त्याच्या वाकणाला केस चिकटले होते.

तेवढ्यात पुलाकडून जीप आली. गॅरेजचा आणि गाडीचा मालक भिमाजी अंत्रे उडी टाकून उतरला आणि काय झालं हे विचारण्याच्या भानगडीत न पडता त्यानं छगनच्या पोटात लाथ घातली. छगन वाकला तशी दुसरी तोंडावर बसली. दात तुटून चुन्याच्या भिंतीवर उडाला, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर तेवढाच एक डाग पडला.

"पुलावरून बघितला मी जाळ," भिमाजी गोळा झालेल्या माणसांना सांगत होता. "ताडमाड. काळा लोट आभाळाला भिडला होता. अन् हा उभा होता हँडल घेऊन."

छगन तोंडातलं रक्त थुंकला. "आक्का," तो म्हणाला, "जाळ नव्हताच. पन मी भाजलो."

२

कोल्हारला पुलाजवळ राहीबाईची खानावळ. साखर कारखान्याचे लोक, ट्रकवाले, पोलीस सगळे तिथेच जेवायचे, आणि राहीबाई माणूस भाकऱ्यांवरून ओळखायची. कोण किती खातो, कधी कमी खातो, कुणासमोर खाताना घास अडतो, हे तिच्या डोक्यातल्या वहीत पक्कं लिहिलेलं असे. फौजदार दरंदले पाच खायचे आणि सहावी डोळ्यांनी मागायचे. जेवायला न लाजणारा माणूस मारायलाही लाजत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण असा माणूस ऐकून घेतो, हेही.

चौकीत पोचली तेव्हा छगनचं ऐकून घेणं चालू होतं. दोन शिपाई आणि एक पट्टा. सोललेल्या हातांवर पट्टा बसला की छगनच्या घशातून जो आवाज निघत होता, तो माणसाचा वाटत नव्हता.

"थांबवा," राहीबाई म्हणाली. "मेला तर लिहून कुनाचं घ्याल?"

दरंदल्यांनी हात वर केला. पट्टा थांबला.

"बाई, तुमचा भाऊ सांगतो, मिस्त्री पेटला होता पण जाळ नव्हता. मला पंचवीस वर्षं झाली नोकरीला. बिनजाळाचा जळालेला माणूस अजून बघायचाय."

"आठ दिवसांमागं त्यानं मिस्त्रीला तांब्या फेकून मारला, ते तुमी बघितलं," राहीबाई म्हणाली. "म्हनून धरलं का?"

"अख्ख्या खानावळीनं बघितलं."

ते खरं होतं. भांडण इंधनाचं होतं. फेब्रुवारीत मद्रासकडे मोटारींची शर्यत होती. भिमाजीची जुनी फियाट मिस्त्रीनं आतून पार बदलली होती. सीमेवरची लढाई संपून महिना झाला होता, पण मिस्त्रीची लढाई अजून त्या इंजिनाशीच चालू होती. लष्कराच्या गाड्यांवर बारा वर्षं काढलेला तो माणूस. त्याचं म्हणणं, दहात नऊ भाग कारखान्याचं पाणी काढलेलं स्पिरिट आणि एक भाग पेट्रोल. गाडी चालवणाऱ्या छगनचं म्हणणं, नव्वदावर थंडीत इंजिन सुरू करायला घाम फुटतो, निम्मं-निम्मं घाला, टिचकीत लागतं. मिस्त्री म्हणाला, "टिचकीत चूल लागती. तुला इंजिन पाहिजे का चूल?" त्यावर तांब्या उडाला. आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकाच ताटात जेवले, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"दोन वाजता नगरहून गाडी येतीय," दरंदले म्हणाले. "मालकाची साक्ष आहे, हँडल आहे, भांडण आहे. एकदा हा नगरला गेला की माझ्या हातात काही नाही. तिथून फासाचीच वाट."

राहीबाई गजांजवळ बसली. "छगन, मोजकं सांग. तू कधी आलास?"

"नवाला. मिस्त्रीच म्हनला हुता, नवाच्या आधी येऊ नको, मला एकाशी बोलायचं हाय. फाटकापाशी सायकलची घंटी वाजवली, आत आलो तर हा पडल्याला. उचलाया हात घातला अन् हात जळाया लागले. कशानं जळतेत तेच दिसंना. नुसती हवा थरथरत हुती, आक्का. उन्हात डांबरी रस्ता थरथरतो तशी."

"कुनाशी बोलायचं हुतं?"

"नाव न्हाई सांगितलं. एवढंच म्हनला, आज माझ्या अंगावरचा डाग निघनार."

राहीबाई उठली. दहा वाजले होते. "फौजदारसाहेब, एक विचारू? मिस्त्रीवर ज्यानं डबा वतला, त्यानं झाकन परत का लावलं?"

"झाकण?" दरंदले म्हणाले.

"मानूस मारला. इंधन वतलं. काडी टाकायची घाई. अन् त्यात डब्याचं झाकन फिरवून घट्ट केलं. असं कोन करतं?"

३

असं करणारी माणसं जगात तीनच होती. स्पिरिट हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा प्यायलेलं स्पिरिट इंजिनाला चालत नाही. म्हणून गॅरेजात कुणी डबा उघडा ठेवला की मिस्त्री "झाकण" म्हणून असा ओरडायचा की पुलावरची बैलं बुजत. वर्षभरात ते ओरडणं हातांत मुरलं होतं. छगनच्या, कारखान्याच्या डिस्टिलरीतला केमिस्ट सहादेव याच्या, आणि भिमाजीच्या. मिस्त्रीनं मालकालाही सोडलं नव्हतं.

तिघांपैकी एक गजाआड होता. राहीबाई उरलेल्या दोघांकडे निघाली.

भिमाजी वस्तीवर ओसरीत बसला होता. उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

"छगनचं तोंड फोडताना लागलं," तो म्हणाला. "ये राहीबाई. भावासाठी आलीस ना? मलाही भाऊ होता."

दत्ताजी. थोरला. गेल्या साली मद्रासकडच्या शर्यतीत तोच गाडी चालवत होता. भरधाव वेगात इंजिन जागच्या जागी आवळलं, गाडी तीन कोलांट्या खाऊन पेटली. सगळ्या तालुक्यात एकच बोलणं झालं: मिस्त्रीच्या स्पिरिटनं दत्ताजीला खाल्लं. जमीन, जळालेली गाडी, कारखान्यातली खुर्ची सगळं भिमाजीकडे आलं, आणि मिस्त्रीच्या वाट्याला तो डाग.

"तरी मी त्याला ठेवला," भिमाजी म्हणाला. "एकच हुकूम केला. नव्वद बंद. निम्मं-निम्मं. माझ्या समोर पिंप भरून घेतलं. आता आणखी काय करायचं होतं मी?"

"काय न्हाई, अण्णा. लई केलंत."

निघताना त्यानं हाक मारली. "मिस्त्रीनं तुझ्याकडं काही ठेवायला दिलं होतं का गं? यंत्राचं काही? पोलिसांना लागेल."

"त्याचा अर्धा संसार माझ्याच फळीवर हाय," राहीबाई म्हणाली. "बघते."

दत्ताजीचं प्रेत घेऊन परत येताना ट्रक खानावळीच्या दारात थांबला होता, ते तिला वाटेत आठवलं. सगळे नुसतं पाणी पिऊन उठले. भिमाजीनं तीन भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून. अर्थात, दुःखातही पोटात वणवा पेटतो. नवरा गेला त्या दिवशी ती स्वतः चोरून जेवली होती. म्हणून तिनं ती गोष्ट तेव्हा नुसती लिहून ठेवली होती, डोक्यात.

सहादेव कारखान्याच्या फाटकाबाहेर भेटला. चष्मा, इस्त्रीचा सदरा, बीएस्सी झालेला. रोज तीन खाणारा. गेले दोन दिवस दीडवर आला होता.

"सहादेवराव, मिस्त्रीच्या डब्यात काय हुतं?"

"मला काय माहीत, आक्का? मालकांनी निम्मं-निम्मं सांगितलं होतं. तेच असणार."

"तुमी स्पिरिट दिलं न्हाई?"

"परवान्याशिवाय थेंब बाहेर जात नाही. अबकारीचं कुलूप आहे." फाटकाकडे एकदा पाहून त्यानं आवाज उतरवला. "मिस्त्रीनं तुमच्याकडे काही ठेवलंय का? डबा वगैरे?"

एका सकाळी दोन माणसांनी एकच प्रश्न विचारला होता. राहीबाई काही बोलणार, तोच रस्त्यानं छबूबाई पळत आली. खानावळीत भांडी घासणारी बाई. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि लुगड्याचा पदर लाल चिंब झाला होता.

"राहीबाई," ती धापा टाकत म्हणाली, "तुमची खानावळ फोडली."

४

चूल लाथेनं फोडली होती. पिठाचे डबे उपडे. माठ फुटून जमिनीवर चिखल. छबूबाईला पाट्यावरच्या वरवंट्यानं मारलं होतं. मारणाऱ्यानं तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं.

"'मिस्त्रीनं काय ठेवलंय' म्हनून इचारीत हुता," छबूबाई सांगत होती. "मला न्हाई ठावं म्हनलं, तर परत मारलं. मी मेल्यावानी पडून ऱ्हायले, म्हनून वाचले."

फळीवरचं सगळं खाली आलं होतं. मिस्त्रीचे पाने, जुन्या जाळ्या, एक औषधाची बाटली. खंडोबाच्या तसबिरीची काच फुटली होती. तिच्यापुढचं उदबत्तीचं घर तेवढं कोपऱ्यात घरंगळून गेलं होतं, राखेनं आणि कुंकवानं माखलेलं. फोडणाऱ्यानं ते पायानं बाजूला सारलं असावं. देवाच्या वस्तूकडे कोण बघतो?

राहीबाईनं ते उचललं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. मूठभर उंचीचं जड भांडं, उपडं घातलेलं, माथ्यावर एक वेडंवाकडं भोक. दिवाळीत मिस्त्रीनं आणून दिलं होतं. "उदबत्त्या खोचायला बरं हाय," म्हणाला होता. "पन फेकू नका. माझी अब्रू हाय ती."

तिनं ते पदरानं पुसून मागे उभ्या असलेल्या सहादेवच्या हातात दिलं.

सहादेवचा चेहरा उतरला. "हा पिस्टन आहे. दत्ताजींच्या इंजिनाचा असणार." त्यानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. धातू मेणासारखा वितळून खाली ओघळला होता. "आक्का, हे स्पिरिटनं होत नाही."

"मंग कशानं?"

"मिस्त्रीनं ते इंजिन नव्वदासाठी बांधलं होतं. आतला दाब प्रचंड. तो दाब स्पिरिट सोसतं, थंडपणे जळतं. त्यात साधं पेट्रोल घातलं तर ते वेळेआधीच भडकतं. आत हातोडे बसल्यासारखं. थोड्या अंतरात पिस्टनला भोक आणि इंजिन आवळलं." त्यानं पिस्टन उलटा करून पाहिला. "त्या दिवशी टाकीत नव्वद नव्हतंच. कुणीतरी पेट्रोल भरलं होतं."

"त्या दिवशी टाकी कुनी भरली?"

सहादेवनं पिस्टन तिच्या हातात परत दिला. फुटक्या माठातलं पाणी तिच्या पायाखालून वाहत होतं.

"मिस्त्री तापानं निजला होता," तो म्हणाला. "भिमाजी अण्णांनी भरली."

"अन् आज सकाळच्या डब्यात? खरं सांगा, सहादेवराव. माझ्या भावाचा गळा हाय त्यात."

"नोकरी जाईल माझी."

"नोकरी परत मिळती."

सहादेवनं चष्मा काढला. "रविवारी दोन डबे स्पिरिट मी कुलपाआडून काढून दिलं. मिस्त्री म्हणाला, एकदा नव्वदावर इंजिन चालवून दाखवतो आणि पिस्टनची गोष्ट सांगतो, मग जग बघून घेईल. मालकाला ठाऊक नव्हतं. मालकाच्या लेखी निम्मं-निम्मंच चालू होतं."

राहीबाई उंबऱ्यावर टेकली. ताडमाड जाळ. काळा लोट. पांढरी भिंत. तिनं सगळं एकाखाली एक मांडलं आणि खाली रेघ ओढली.

"घड्याळात किती झाले?"

"पावणेदोन."

५

नगरची गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर उभी होती. छगनच्या कमरेला दोर बांधून शिपायांनी त्याला आणलं होतं. जागा दाखवून घ्यायची आणि निघायचं. भिमाजी साक्षीला हजर होता. राहीबाई सहादेवला घेऊन आली, हातात खानावळीतल्या दोन पराती.

"फौजदारसाहेब, पाच वर्सं माझ्या हातचं खाल्लंत. पाव तास द्या."

दरंदले घड्याळाकडे बघत म्हणाले, "पाव तास."

"तुमी पुलावर जाऊन उभे ऱ्हावा. मी हितं पराती पेटवते. परत येऊन सांगा काय दिसलं."

सहादेवनं एका परातीत मालकाच्या पिंपातलं निम्मं-निम्मं ओतलं. दुसऱ्या परातीत, काठोकाठ, रविवारी दिलेल्या दुसऱ्या डब्यातलं स्पिरिट घेऊन केलेलं नव्वद-दहा. भिमाजी जीपला टेकून बिडी ओढत गंमत बघत होता.

दरंदले परत आले. "डावीकडची पेटली. चांगली पुरुषभर, वर काळा धूर. उजवीकडची पेटवायची राहिलीय."

डावीकडच्या परातीवर राहीबाईनं ओलं पोतं टाकलं. मग वाळल्या भाकरीचा तुकडा घेऊन तिनं तो उजव्या परातीवर धरला. तुकडा आक्रसला, काळा पडला, तिच्या बोटांना चटका बसला तेव्हा तिनं सोडला.

"ही आधी पेटवली," ती म्हणाली. "स्टो पेटवनाऱ्या बाईला इचारा. उन्हात स्पिरिटचा जाळ दिसतो का? काडी लावल्यावर एक पिवळी झाक उठती, मंग काय न्हाई. छगन खोटं बोलला न्हाई."

दरंदले परातीवर वाकले आणि झटकन मागे आले. त्यांच्या मिशीचं टोक जळल्याचा वास सुटला.

भिमाजीनं बिडी टाकली. "हा तमाशा कशाला? डब्यात नव्वद नव्हतंच. माझा हुकूम निम्म्या-निम्म्याचा होता. म्हणून तर मला पुलावरून जाळ दिसला."

"व्हय," राहीबाई म्हणाली. "तेच तुमच्या तोंडून पाहिजे हुतं."

तिनं मिस्त्रीची औषधाची बाटली काढली. डॉक्टर देतात तसली, अंगावर आठ डोसांची कागदी पट्टी चिकटवलेली. मिस्त्री जेवायला बसला की हीच करामत दाखवायचा. पाणी स्पिरिटला आपल्यात ओढून घेतं. पेट्रोल वर तरंगतं. पट्टीवर मोजायचं की कळलं, किती कुठलं.

"डबा सकाळपास्नं जप्तीत हाय. झाकन तुमच्या शिपायानं सुदिक उघडलं न्हाई. उघडा असता तर अण्णा म्हनले असते, पेट्रोल उडून गेलं. मारनाऱ्यानंच ती सोय ठेवली न्हाई."

दरंदल्यांनी स्वतः झाकण फिरवलं. सहादेवनं चार डोस मिश्रण घेतलं, वर चार डोस पाणी घातलं, बाटली हलवली आणि घोडीवर ठेवली. सगळे वाकून बघू लागले. कमरेला दोर बांधलेला छगनही.

"निम्मं-निम्मं असंल तर वर दोन डोस पेट्रोल येईल," राहीबाई म्हणाली.

पांढुरकं पाणी निवळलं. वर लालसर थर जमला. पट्टीवर अर्ध्या डोसाच्याही खाली.

"नव्वद-दहा," सहादेव म्हणाला.

"अन् ही भिंत बघा. निम्म्याचा काळा लोट उठला असता तर चुन्यावर काजळी धरली असती. हितं माझ्या भावाच्या रक्ताशिवाय डाग न्हाई." ती भिमाजीकडे वळली. "अण्णा, तुमी जाळ बघितला न्हाई. जाळ कसा असंल ते तुमाला ठावं हुतं, कारन डब्यात काय हाय ते तुमाला ठावं हाय असं तुमाला वाटत हुतं. मिस्त्रीला मारलंत, वतलंत, अन् हात आपसूक झाकनाकडं गेला. तेवढ्यात फाटकापाशी सायकलची घंटी वाजली. काडी टाकून नदीकडच्या वाटेनं पळालात ते पुलाकडं ठेवलेली जीप गाठाया. एकदा जरी मागं वळून बघितलं असतं, तर खोटं बोलायला काय बोलावं ते कळलं असतं."

"बाईमाणूस म्हणून ऐकून घेतोय," भिमाजी म्हणाला. आवाज शांत होता, पण बिडी ओढणारा हात दोन वेळा खिशात जाऊन रिकामा बाहेर आला. "मी कशाला मारू त्याला?"

राहीबाईनं ओटीतून पिस्टन काढला आणि उन्हात धरला. उदबत्तीची राख अजून त्याच्या भोकात होती.

"ह्याच्यासाठी. माझी खानावळबी ह्याच्यासाठीच फोडलीत. दत्ताजीच्या टाकीत पेट्रोल तुमी भरलं."

पुढचं फार लवकर झालं. भिमाजीनं झेप घेतली. त्याची मूठ राहीबाईच्या कानशिलावर बसली, ती इंजिनावर आपटली, बाटली फुटली. दुसरा ठोसा तिच्या बरगड्यांत बसला. पिस्टन तिच्या बोटांतून हिसकावून तो जीपकडे वळला, आणि त्याचा पाय त्या उजव्या परातीवर पडला, जिच्यात काहीच दिसत नव्हतं म्हणून जिला सगळे विसरले होते.

परात उलटली. स्पिरिट त्याच्या गुडघ्यापर्यंत उडालं.

पहिल्यांदा तो थांबला, काहीतरी विसरल्यासारखा. मग किंचाळला. धोतर आपोआप तपकिरी होत वर चढत होतं. तो दोन्ही हातांनी मांडी झोडपू लागला, तर हातही पेटले. उन्हात एक माणूस एकटाच नाचत होता आणि बघणाऱ्यांना का ते दिसत नव्हतं. कातडीचा वास आला तेव्हा शिपाई भानावर आले, पण जवळ जायला कुणी धजेना. कुठून जळतंय तेच कळत नव्हतं.

"कुठं हाय?" भिमाजी ओरडत होता. "दिसत न्हाई... कुठं हाय ते दिसत न्हाई."

दोराला हिसका बसला. छगननं शिपायाला फरफटत नेलं, डाव्या परातीवरचं ओलं पोतं सोललेल्या हातांनी उचललं आणि भिमाजीच्या अंगावर पडला. त्याला खाली दाबून, वर स्वतःचं सगळं वजन टाकून, दातांतून शिव्या देत तो तसाच पडून राहिला.

हवा थरथरायची थांबली.

दरंदल्यांनी खाली वाकून भिमाजीच्या मुठीतून पिस्टन सोडवला. तो तापला होता. भिमाजीच्या उजव्या हातावरचं फडकं जळून गेलं होतं. खाली तळव्यावर हँडलच्या गंजाचा लांब ओरखडा होता; छगनला तर त्यानं लाथाच घातल्या होत्या.

"भावाला गाडी दिली वडिलांनी," भिमाजी डोळे मिटून म्हणाला. "मला झाकणं लावायला ठेवलं."

६

नगरची गाडी गेली, फक्त आत माणूस दुसरा होता. सहादेव स्वतःच्या पायांनी अबकारीच्या कचेरीत गेला आणि दोन डब्यांचं सांगून आला. त्याचं काय होईल ते पुढचं पुढे. पिस्टन पुराव्यात गेला. खंडोबापुढे छबूबाईनं फुटक्या कपात माती भरून उदबत्त्या खोचल्या, आपल्या डोक्याच्या पट्टीला हात लावत.

फोडलेल्या चुलीशेजारी छगन भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. राहीबाईला श्वास घेताना बरगडी टोचत होती.

"गाडी पुन्यांदा नव्वदावरच घालायची," छगन म्हणाला. "थंडीत सुरू हुईना का. घाम फुटू दे."

"आधी खा."

चूल नव्हती, पीठ मातीत मिसळलं होतं. राहीबाईनं सकाळचं फडकं सोडलं. भाकऱ्या गार झाल्या होत्या, कडेला करड्या. छगननं त्या कुणाच्या ते ओळखलं आणि तोंड फिरवलं. तिनं घास तसाच धरून ठेवला. हात दुखायला लागला तरी खाली घेतला नाही. शेवटी त्यानं तोंड उघडलं.

तो रोज चार खायचा. तिनं एकेक घास मोडून भरवला. पहिली, दुसरी, फुटक्या दातामुळे सावकाश तिसरी, मग ती अर्धी. फडकं रिकामं झालं.

"अजून आनू का शेजारून?" छबूबाईनं विचारलं.

"नको," छगन म्हणाला. "साडेतीनच."